मी ‘धर’ म्हणाले होते

मंगलचा पदर माझ्या दोन्ही हातांत होता. पाटाचं पाणी तिला खाली ओढत होतं आणि मी पदर वर ओढत होते. साडी सुटायला लागली. आधी खांद्यावरून, मग कमरेच्या निऱ्या, मग सगळीच. ओली साडी जड असते, तरी तिच्या टोकाला माणूस आहे की नाही हे हाताला कळतं. मला कळलं. पाचवारी साडी माझ्या हातात आली आणि मंगल आली नाही.

ती माझी सून. सव्वीस वर्षांची होती. तिची चार वर्षांची मुलगी सोनी वर काठावर होती.

लोकांनी तिला खालच्या गेटापाशी बाहेर काढलं. तोवर तास उलटून गेला होता.

*

आमचा मळा नाशिकला लागून, मखमलाबादच्या बाजूला आहे. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, एवढंच पीक. सकाळपासून भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, दुपारी पाटावर धुवायच्या आणि संध्याकाळच्या लिलावाला मार्केट यार्डात न्यायच्या. मातीनं भरलेल्या जुडीकडे व्यापारी बघत नाही.

पाटावर जुड्या धुवायला दोघी लागतात. एक वरच्या अंगाला बसून धुते. दुसरी चार हात खाली, पाण्यातल्या पायरीवर उभी राहते. धुताना जुडी हातातून निसटली की वरची ओरडते, ‘धर’, आणि खालची ती अडवते. माझी सासू धुवायची तेव्हा मी धरायला उभी असायचे. पुढे मी धुवायला बसले आणि मंगल धरायला उभी राहिली. म्हातारीनं बसायचं, तरणीनं पाण्यात उभं राहायचं. असं का, ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी पाटाला पाणी जास्त सोडलं होतं. मंगल म्हणाली, “आई, आज वरूनच बादलीनं धुऊ का? पायरी दिसत नाय.”

मी म्हणाले, “बादलीनं एवढ्या जुड्या कधी व्हायच्या? टेम्पो येईल आता.”

“टेम्पोवाला तुम्हाला लय भितो. थांबंल तो.”

“मला भितो म्हणूनच वेळेवर येतो. उभी राहा.”

ती हसली, साडी खोचली आणि उभी राहिली. अर्ध्याअधिक जुड्या नीट झाल्या. मग एक निसटली आणि मधल्या धारेला लागली. मी म्हणाले, “धर.” विचार करून म्हणाले नाही. चाळीस वर्षं कानात आणि तोंडात बसलेला शब्द होता. मंगलनं एक पाऊल पुढं टाकलं. तिथं पाऊल ठेवायला काही नव्हतं. पाटाचे काठ सिमेंटचे, उतरते, वर शेवाळ. तिथं कुणाचाच हात टिकत नाही. ती माझ्या अंगावरून गेली असती तर मी तिला धरली असती, पण ती खालच्या अंगाला होती. मी पायरीवरून पुढं झुकले तेव्हा हाताला पदर लागला.

सगळ्यांना मी सांगितलं, पाय घसरला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. माझ्या मुलाला, दत्तूला, तेच सांगितलं. तो तेव्हा विहिरीवरची बिघडलेली मोटर बघायला गेला होता. मंगलच्या आईलाही तेच सांगितलं. पाय घसरला हे खोटं नव्हतं. पण ‘धर’ हा शब्द मी कुणाला सांगितला नाही.

*

मी चौथी शिकलेली आहे. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही बऱ्या कशा झाल्या ते लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. मी म्हणाले, बरी झाले हे आधी खोडा. आता बादलीनं अंघोळ करते, नळ सुरू असला तरी जागेवर बसून राहते, एवढं लिहिते. त्या म्हणाल्या, तेवढंच लिहा.

सुरुवातीला मला काही झालं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी रानात जाऊ लागले. रडले नाही. बायका म्हणाल्या, म्हातारी दगड आहे. मलाही तसंच वाटलं.

तीनचार महिन्यांनी हात मिटायला लागले. मेथी उपटताना दवाचं पाणी हाताला लागलं की बोटं आवळायची आणि सुटायची नाहीत. जुडी हातातच चुरगळून जायची. मग पाण्याचा आवाज सोसेना. घागर भरताना, शेजारच्या उसाला पाणी सुटताना, कुणी चूळ भरताना. अंघोळ बंद झाली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचे, तेही डोळे मिटून.

एकदा मार्केटला एका बाईनं कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं. मी मालाच्या कॅरेटांवरून पळत सुटले आणि लिलावाच्या मधोमध आपटले. शेजारी बसणारी हिराबाई मला उचलायला आली. ती म्हणाली, “म्हातारे, सून लागली का काय तुला?”

मी म्हणाले, “लागली असती तर बरं झालं असतं. बोलली तरी असती.”

मागून कुणीतरी म्हणालं, “सून गेल्यावर सासूला नाटकं सुचायला लागली.”

लोकांना वाटायचं मला आठवण येते. ती आठवण नव्हती. आठवण आली तर माणूस बसल्या जागी बसून राहतो, डोळे पुसतो, चहा पितो. मी पाटावरच असायचे. पायाला शेवाळ लागायचं. हातात पदर असायचा. साडी सुटून हातात येईपर्यंत सगळं व्हायचं, तिथं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून कधी दोनदा, कधी दहादा.

हिराबाईचं ऐकून दत्तू मला जीपनं पेठच्या बाजूला एका भगताकडे घेऊन गेला. भगतानं तांदूळ टाकून बघितलं आणि सांगितलं, सुनेचा जीव तहानलेला आहे, सासूनं स्वतः पाटावर जाऊन तिला पाणी पाजावं. म्हणून चौघांनी मिळून मला पाटावर नेलं. मी पायरीवर पाय ठेवला एवढं माहीत आहे. पुढचे तीन दिवस माझं अंग लाकडासारखं होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. भगताला मी नावं ठेवत नाही. त्याला ठाऊक होतं तेवढं त्यानं केलं. पण ज्याला असं झालं आहे त्याला ओढून त्या जागी नेऊ नका. एवढं या लिहिण्यातून कुणी घेतलं तरी पुरे.

*

आता सोनीचं.

आई गेल्यावर ती माझ्याजवळच असायची. मी तिची वेणी घालायचे, तिला भाकरी कुस्करून द्यायचे. अंघोळ मात्र दत्तू घालायचा. तिच्या ओल्या अंगाला मला हात लावता येत नसे. ती ओली माझ्याकडे पळत आली की मी मागं सरायचे. लहान पोराला काय कळतं. ती पुन्हा पळत यायची.

एका दुपारी अंगणातल्या हौदापाशी ती खेळत होती. गवताच्या काड्यांना दोरा बांधून तिनं चिमुकल्या जुड्या केल्या होत्या. एकेक जुडी ती पाण्यात बुडवायची, सोडायची आणि स्वतःलाच म्हणायची, “धर.” मग वाकून ती उचलायची. पुन्हा सोडायची. “धर.”

मी कधी उठले ते मला माहीत नाही. मी तिचं मनगट धरलं. ती ओरडत होती, “आजी, सोड, दुखतंय,” आणि मला ऐकू येत होतं की मंगल म्हणते आहे, सोडू नका. मी सोडलं नाही. दत्तू रानातून पळत आला तोवर मनगट मोडलं होतं.

प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा ती माझ्याकडे बघेना. दुसऱ्या दिवशी मंगलची आई आली. लासलगावजवळच्या खेड्यात त्यांचं कांद्याचं शेत आहे. विहीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सोनीचा हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“पोरगी मी नेते,” त्या म्हणाल्या.

दत्तू म्हणाला, “मामी, आईला बरं नाय हो. तिनं मुद्दाम नाय केलं.”

“मुद्दाम केलं असं मी म्हणलं का? मोडलं एवढं दिसतंय. तुमच्या आई बऱ्या झाल्या की आपण बघू.”

सोनीचे फ्रॉक मीच पिशवीत भरले. मंगल असती तर तिनंही पोरीला माझ्यापासून लांबच नेलं असतं. पोरगी गेली आणि त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. मरावं की जगावं याचं मला काही नव्हतं. सोनी परत यायला हवी होती, आणि त्यासाठी मी तिच्याजवळ ठेवण्यालायक माणूस व्हायला हवं होतं.

*

शहरातल्या मनाच्या दवाखान्यात दत्तूनं मला नेलं. तिथं बसायला बाक होते आणि बाकावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आमच्या गावची एक बाई तिथं भेटली. तिनं पदर तोंडावर घेतला, मीही घेतला. पुढं वर्षभर आम्ही दोघी दर महिन्याला एकमेकींना ओळखत नव्हतो.

गोळ्यांनी झोप लागू लागली. जीभ जड झाली, हात थोडे सैल झाले. पण पाण्याचं काही गेलं नाही. एकदा आठ दिवस तिथंच ठेवून घेतलं. पहाटे चहा, मग गोळी, मग डॉक्टरांची फेरी, मग वरण-भात. सगळ्यात भीती अंघोळीची. सकाळी सहाला नळ सुटायचे आणि मी खाटेखाली जायचे. तिथली आया, तिला सगळे मावशी म्हणत, तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं मला काही विचारलं नाही. रोज माझी पाळी आली की ती आधी जाऊन न्हाणीतले सगळे नळ घट्ट बंद करायची, फरशी कोरडी पुसायची आणि मगच म्हणायची, “या आजी, सुक्कं हाय.” ती कुठली, कुणाची, मला माहीत नाही. पाच वर्षांत मला सगळ्यात जास्त कुणी समजून घेतलं असेल तर तिनं.

गोळ्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्यामुळे मी पुढच्या माणसासमोर बसू शकले.

पुढचं माणूस म्हणजे डॉक्टरबाई. गुजरातेत भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यातून वाचलेल्या लोकांसाठी बाहेरून जाणकार आले होते, त्यांच्याकडून त्या अशा धक्क्यावरचा एक उपचार शिकून आल्या होत्या. वय माझ्या मंगलपेक्षा फार नसावं. त्यांनी दीड तास माझं ऐकून घेतलं आणि दत्तूला सांगितलं, “तुमच्या आईला वेड लागलेलं नाही. त्यांना जो धक्का बसला तो अजून संपलेला नाही. शरीराला वाटतंय की तो आत्ताच चालू आहे.”

मी ते ऐकून खाली बघितलं. चार वर्षं मला वाटत होतं हे कुणाला सांगून कळणार नाही, आणि या पोरीनं ते एका वाक्यात सांगितलं.

दत्तूनं विचारलं, “मग इंजेक्शन?”

“इंजेक्शन नाही. त्या प्रसंगाचं चित्र मनात धरायचं आणि माझी बोटं इकडून तिकडे जातील तशी नजर न्यायची. थोडा वेळ. मग थांबायचं, काय आलं ते सांगायचं. पुन्हा करायचं.”

दत्तू माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, “बाई, डोळे हलवून तुम्ही माझी सून परत आणणार का?”

त्या म्हणाल्या, “नाही. तुम्हाला पाटावरून घरी आणता येतं का ते बघू. सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. तुम्हाला नको वाटलं की हात वर करा, मी थांबेन.”

त्यांनी गोड बोलून मला काही विकलं नाही, म्हणून मी हो म्हणाले.

*

पहिल्या दोनतीन वेळा बाईंनी बोटं हलवलीच नाहीत. बाई म्हणाल्या, आधी मनात एक अशी जागा शोधा जिथं तुम्हाला बरं वाटतं, त्रास वाढला तर तिथं परत येता येईल. लोक म्हणे देऊळ सांगतात, नदी सांगतात. मला नदी चालणार नव्हती. देवाशी मी बोलत नव्हते. खूप वेळानं मला मार्केट यार्डातली चहाची गाडी आठवली. माल उतरवून झालेला असतो, लिलाव लागायला वेळ असतो, पाय दुखत असतात आणि हातात गरम कप असतो. तेवढा वेळ कुणी काही मागत नाही. बाई म्हणाल्या, “चालेल.”

मग त्यांनी विचारलं, त्या प्रसंगाचा त्रास शून्य ते दहामध्ये किती? मी म्हणाले, “मला आण्यात विचारा.” त्या हसल्या. “बरं, सोळा आण्यांतले किती?” मी म्हणाले, “सोळा.”

त्या खुर्ची माझ्या बाजूला, थोडी तिरकी घेऊन बसल्या. दोन बोटं माझ्या नजरेसमोर धरली आणि आडवी हलवू लागल्या, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. “डोकं नको, नुसते डोळे.” माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, बोटं धूसर दिसायची. मला हसू येत होतं. म्हातारपणी काय हे. पंधरावीस वेळा झालं की त्या थांबायच्या. “श्वास घ्या. आता काय येतंय?”

“काही नाही.”

“बरं. त्याच्याबरोबर पुढे चला.”

तिसऱ्यांदा बोटं हलली तेव्हा मेथीचा वास आला. खोलीत मेथी नव्हती. मग हात मिटले. मी उठून बाहेर गेले आणि दत्तूला म्हणाले, घरी चल. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखत होतं आणि मी ठरवलं होतं की परत जायचं नाही. आठवडाभरानं लासलगावहून निरोप आला की सोनी शाळेत पहिली आली. मी दत्तूला म्हणाले, “रिक्षा बघ.”

पुढच्या खेपांना कधी काहीच यायचं नाही, कधी उलटी व्हायची. डोळे थकले की बाई बोटं थांबवायच्या आणि माझ्या दोन्ही तळहातांवर आळीपाळीनं हलकेच टिचक्या मारायच्या. ते मला जास्त मानवायचं. हातांनाच तर काय ते झालं होतं.

पाचव्या की सहाव्या वेळी मी तो शब्द बोलले. बाईंची बोटं जात होती, येत होती, आणि माझ्या तोंडून आलं, “मी धर म्हणाले.”

त्या थांबल्या. मला वाटलं, आता म्हणतील तुमचा काही दोष नाही. लोक म्हणतात तसं. त्या एवढंच म्हणाल्या, “हं. त्याच्याबरोबर राहा.” आणि बोटं पुन्हा सुरू केली.

मग कुलूप निघाल्यासारखं झालं, पण सुख झालं असं समजू नका. आधी माझी सासू आली. मी विशीतली, कमरेइतक्या पाण्यात, ती वरून ओरडते आहे, धर. मी धरते आहे. तेव्हाही पायरी बुडालेली होती. मी मेले नाही, ते नशीब. त्या नशिबाला मी रीत समजले आणि सुनेला तिथं उभी केली. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

पुढच्या वेळी चित्र साडीच्या पुढं सरकलं. पाच वर्षं ते तिथंच थांबत होतं. पाठीमागून माणसं आली होती, माझ्या मुठी उघडत होती. दत्तू एक एक बोट सोडवत होता. ते मला अजिबात आठवत नव्हतं. घरी येऊन मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “दोघं लागलो, आई. तुझी बोटं सुटंनात.”

आणि नवव्या वेळी काठ दिसला. वर, सिमेंटच्या कडेला, दोन लहान पाय. एका पायात चप्पल. सोनी तिथं होती हे मला ठाऊक होतं. पण मी त्या बाजूला कधी बघितलं नव्हतं. ती उभी होती आणि तिला सगळं दिसत होतं. ऐकूही येत होतं.

मी हात वर केला. बाई थांबल्या. मला हौद आठवला, गवताच्या जुड्या आठवल्या. ती पोर खेळत नव्हती. ती जुडी सोडत होती आणि पुन्हा पुन्हा धरून बघत होती, या वेळी तरी धरता येते का. आणि मी तिचं मनगट मोडलं.

“किती आणे?” बाईंनी विचारलं.

“हे त्यात बसत नाही,” मी म्हणाले.

*

सगळ्या मिळून अकरा खेपा झाल्या. शेवटी बाईंनी विचारलं, तो प्रसंग मनात धरून आता स्वतःबद्दल काय म्हणावंसं वाटतं? मी म्हणाले, “माझा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. ते खोटं आहे.”

“खोटं नको. खरं काय आहे?”

“मी धर म्हणाले. आणि मी साडी सोडली नाही.”

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पाटाचा त्रास तेव्हा तीन आण्यांवर आला होता. तो आजही तीनच आहे. डोळे हलवून पाप धुतलं जात नाही. झालेली गोष्ट झालेली होते, एवढंच.

घरी येऊन मी बादली भरली. हात लावून बघितला. पाणी गार होतं. तांब्या डोक्यावर ओतला आणि न्हाणीतच बसून रडले. मंगल गेली होती. तोवर ती माझ्यासमोर रोज बुडत होती, त्यामुळे ती गेलेली नव्हती. पाच वर्षांनी मला सुतक लागलं. ती मेथीचे कोवळे देठ कच्चेच खायची. चहात साखर घालून विसरायची आणि पुन्हा घालायची. मी रागावले की म्हणायची, “आई, तुमचा आवाज ऐकून किडं मरतात, फवारणी वाचते आपली.” हे सगळं त्या दिवशी आठवलं. उपचारानं दुःख जातं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मला दुःख उपचारानंतर झालं. पण ते माणसाचं दुःख होतं, ते घेऊन कामाला जाता येतं.

*

दत्तूला मी चुलीपाशी सांगितलं. तो जेवत होता. ऐकून त्यानं ताट बाजूला सारलं नाही, जेवण पूर्ण केलं, हात धुतला आणि मळ्यात गेला. दोन महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एक दिवस कॅरेट भरता भरता म्हणाला, “मोटर मला दुसऱ्या दिवशी बघता आली असती.” त्यानंही तीच पाच वर्षं काढली होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी लासलगावला गेले. एकटी, एस्टीनं. विहीणबाई कांदाचाळीपुढं कांदा निवडत बसल्या होत्या. त्यांनी पोतं पुढं सरकवलं, बसा म्हणाल्या. मी बसले आणि मीही कांदा निवडायला लागले.

“मंगलचा पाय घसरला असं मी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “जुडी वाहून चालली होती. मी तिला धर म्हणाले. म्हणून ती पुढं गेली. पायरी दिसत नाही असं ती आधी म्हणाली होती. मी ऐकलं नाही.”

त्यांचे हात थांबले नाहीत. चांगला कांदा एकीकडे, सडका एकीकडे.

“मला ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “पोरीनं इथं आल्या आल्या सांगितलं.”

“मग कधी बोलला नाहीत?”

“तुम्ही कधी बोलता ते बघत होते.” मग म्हणाल्या, “माझ्या लेकीला तुम्ही ढकललं नाय, ते मला समजतं. पण ती नको म्हणली होती, हे पोरीनं नव्हतं सांगितलं. ते आज कळलं.”

मी पुढचा कांदा उचलला.

त्या म्हणाल्या, “सोनी इथंच शिकंल. तिकडं यायचं का नाय ते ती ठरवंल. मी पाठवायची नाय आणि अडवायची नाय. तुम्हाला माफ करा म्हणायचं असंल तर म्हणू नका.”

“म्हणणार नव्हते.”

“मग चहा घ्या.”

सोनी शाळेतून आली. नऊ वर्षांची, उंच, मंगलसारखी मान. मी तिला जवळ बोलावलं नाही. लांबूनच म्हणाले, “सोने, तुझ्या आईला मी धर म्हणाले होते.”

ती दाराला टेकून उभी राहिली. “मला माहितीये.”

“तुझा हात मी मोडला. तू वाईट काही करत नव्हतीस.”

तिनं उजवं मनगट डाव्या हातात घेतलं. “मी जुडी लवकर धरली असती तर?”

“तू चार वर्षांची होतीस. तुला ती धरायची नव्हती. ते काम तुझं नव्हतं.”

ती आत गेली. मी परतीची एस्टी पकडली. मी तिला आणायला गेले होते आणि एकटी परत आले. जसं झालं तसं लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत दत्तू तिला घेऊन आला. ती आली ती आठ दिवसांसाठी. त्यात तीनदा ती डॉक्टरबाईंकडे गेली. आधी विहीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पोरीला बरं वाटणार असंल तर न्या. बाईंनी तिला दोन्ही हात छातीवर आडवे धरून स्वतःच्याच दंडांवर आळीपाळीनं थापट्या मारायला शिकवल्या, पाखरू पंख हलवतं तसं. घरी ती अंगणात बसून ते करायची. मी उंबऱ्यात बसून भाजी निवडायचे. जायच्या आदल्या दिवशी ती न्हाऊन आली आणि ओले केस घेऊन माझ्यापुढं पाठ करून बसली. मी तिचे केस पुसले, वेणी घातली. माझे हात मिटले नाहीत.

ती अजून आजोळीच असते. आता आठवीत आहे. सुट्टीत येते, कधी येत नाही. आमच्या मळ्यात आता जुड्या हौदावर पाइपनं धुतात, पाटावर कुणी जात नाही. ती पायरी तिथंच आहे.

त्या दुपारी पाटावर आम्ही तिघी होतो. मंगल वाचली नाही. मी वाचले. सोनी वाचली.